दोन द्राक्षांची ओळख

हुर्राक आणि फेणी यांतील भेद पेडण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांपुढे येणाऱ्या वाइनला मात्र 'पांढरी' म्हटले की ओळख संपते. हे बरे नव्हे.

'सुला'ने १९९७ साली नाशिकजवळ सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ ही मूळची फ्रान्समधील दोन द्राक्षे लावली; २००० साली त्यांची वाइन बाजारात आली. वाण दोन, स्वभावही दोन. सोव्हिन्याँची वाइन कोरडी, आंबटसर. तिला कापलेल्या गवताचा, भोपळी मिरचीचा वास. हा हिरवा गंध द्राक्ष उन्हात पिकत जाताना ओसरतो. म्हणून तोडणीची वेळ नेमकी साधावी लागते. शेनिन उष्ण हवेतही आंबटपणा राखते. तिला पिकल्या फळाचा व मधाचा गंध असतो. आपल्याकडे ती पुष्कळदा किंचित गोडही ठेवतात. तळलेल्या मासळीवर लिंबू जे करते ते पहिली करते. तिखट हुमणाची धग दुसरी शमवते.

हे मद्यपानाचे समर्थन नव्हे. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव आणि गाव यांना मोल आहे म्हणूनच. तोच न्याय नाशिकच्या बागायतदारालाही लागू व्हावा. गिऱ्हाईक वाण विचारू लागले, तरच तो वाण जपणाऱ्याच्या श्रमाला दाम मिळेल. मोरजीच्या उपाहारगृहांनी निदान द्राक्षाचे नाव तरी सांगावे.