गंज दिसण्याआधीच धंद्याला लागतो

सोन्याच्या दागिन्यावरची वेल किंवा मोर पुष्कळदा आधी पोलादावर उतरतो आणि मग सोन्यावर. पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरून डाय बनविण्याचा हुनर डहाणू तालुक्यातील वाढवण, वरोर, चिंचणी या किनारी गावांत घरगुती धंदा म्हणून चालतो. बारीक हाताचे हे काम खाऱ्या वाऱ्यात बसून करायचे, म्हणजे गंजाशी रोजचीच गाठ.

आम्ही कापडाचे व्यापारी. गंजाची ओळख आम्हालाही आहे. मागाच्या फणीला गंज धरला की ताग्यावर तांबूस डाग उमटतो आणि माल सेकंडच्या भावात जातो. पण तागा निदान विकला तरी जातो. डायच्या बारीक रेषेत गंज शिरला तर तो घासून काढताना रेषाच बोथट होते आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते.

लोखंड भिजले तरच गंजते, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. हवेतील वाफेचे रेणू धातूच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. पाणी आत मुरत नाही, वरच बसते. हवा कोरडी असेल तर हा थर अगदी नाममात्र असतो. दमटपणा वाढला की तो जाड होतो, हवेतील प्राणवायू त्यात विरघळतो आणि गंजाची क्रिया सुरू होते. डोळ्यांना मात्र डाय कोरडीच दिसते. व्हर्नन या इंग्रज संशोधकाने १९३० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले, की गंधकाच्या धुराची हवा असली तरी सुमारे ६० टक्के आर्द्रतेपर्यंत गंज मंद असतो, त्यापुढे तो झपाट्याने वाढतो.

किनाऱ्यावर हा हिशेबही पुरा पडत नाही. खाण्याचे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. शिवाय मिठातील क्लोराईड धातूवरील संरक्षक थर फोडते. हाताच्या घामातही हेच मीठ असते.

पण जो चिकटणारा थर घात करतो, तोच राखणही करू शकतो. गंजरोधक तेलातील काही रेणूंचे एक टोक धातूला घट्ट धरते आणि दुसरे तेलकट टोक बाहेर राहून पाण्याला अडवते. गंजरोधक कागदातून निघणारी वाफही अशीच धातूवर बसते. मात्र पुडके नीट बंद नसेल तर ती उडून जाते. पितळ-तांब्याच्या वस्तूंना तो कागद चालतो का, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे. खाण्याचे तेल लावू नये. ते काही काळाने चिकट होते.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी डाय स्वच्छ पुसावी, पूर्ण कोरडी करावी, मगच तेल लावावे. मीठ खाली ठेवून वर तेल लावणे म्हणजे चोराला घरात घेऊन बाहेरून कुलूप लावणे होय. तेल लावल्यावर उघड्या हाताने नक्षीला स्पर्श करू नये.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली. डाय सुती चिंधीत किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवू नये. ६५ टक्के आर्द्रतेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो. कापडाला ते मानवते, पोलादाला नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी हे त्याहून बरे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराला विरोध करणाऱ्यांत मच्छीमारांबरोबर डायमेकरही होते. धंदा इथेच राहील की हलवावा लागेल, ही त्यांची चिंता खरी आहे आणि तिचे उत्तर एकट्या कारागिराच्या हातात नाही. पण धंदा कुठेही गेला तरी बरोबर नेण्याची पुंजी म्हणजे वर्षानुवर्षे जमलेल्या या डाय. जुन्या नक्षीची मागणी पुन्हा आली तर साफ राखलेली डाय त्याच दिवशी कामाला लागते, गंजलेली भंगाराच्या भावात जाते. पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून सगळे डबे उघडून पाहावेत, एवढेच आमचे सांगणे.