आवडता खेळाडू, ट्रेड आणि संघाचं भलं

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर क्रिकेटवर काय बोलणार? पण डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या वर्ध्यात टपऱ्याटपऱ्यांवर जो वाद पेटला होता, तो आम्ही चहा थंड होईपर्यंत ऐकला आहे. प्रश्न एकच होता : हार्दिकला आणून मुंबईचं भलं झालं की वाटोळं? त्या वादात तर्कशास्त्राचा अख्खा पाठ दडलेला आहे. तोच आज उलगडून बघू.

आधी काय घडलं ते नीट मांडू. आयपीएलमध्ये लिलावाखेरीज खेळाडू मिळवण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे ट्रेड. दोन संघ आपसात ठरवतात : खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, नाहीतर रोख रक्कम. खेळाडूची संमती लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पांड्याला गुजरात टायटन्सकडून असंच परत घेतलं. त्याचं मानधन १५ कोटींचं. तेवढे पैसे मोकळे करायचे म्हणून साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूकडे गेला. हार्दिक काही परका नव्हता. २०१५ ते २०२१ तो मुंबईकडूनच खेळला होता. मग गुजरातचा कर्णधार झाला, २०२२ मध्ये विजेता, २०२३ मध्ये उपविजेता. इथपर्यंत फारसं कोणी चिडलं नव्हतं. पण १५ डिसेंबरला जाहीर झालं की कर्णधारही हार्दिकच. २०१३ पासून संघ सांभाळणारा, पाच विजेतेपदं मिळवून देणारा रोहित शर्मा आता नुसता फलंदाज. त्यात रोहितचा जन्म नागपूरचा, म्हणजे आपल्याकडे जिव्हाळा अंमळ जास्तच.

पुढचा २०२४ चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. १४ सामने, फक्त ४ विजय, दहावा म्हणजे शेवटचा क्रमांक. लगेच सगळे म्हणाले, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" खरं सांगायचं तर आम्हीही म्हणालो. आयुष्यभर वर्गात तर्क शिकवला आणि टीव्हीसमोर बसल्यावर सगळा विसरलो.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असं होत नाही. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात. मग कारण ओळखायचं कसं? नैयायिकांनी दोन कसोट्या दिल्या : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, कारण नसेल तिथे कार्यही नको. आता लावून बघा. २०२२ मध्ये हार्दिक मुंबईत नव्हता, कर्णधार रोहितच होता. तेव्हा काय झालं? १४ सामने, ४ विजय, दहावा क्रमांक. हुबेहूब तेच! म्हणजे व्यतिरेक तुटला. २०२५ मध्ये हार्दिक कर्णधार होता आणि संघ प्लेऑफमध्ये दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत पोचला. म्हणजे अन्वयही तुटला.

यावरून 'ट्रेड योग्यच होता' असं सिद्ध होतं का? नाही. तेवढंच घाईचं ते होईल. खरी तुलना करायची तर रोहितच्या नेतृत्वाखालचा २०२४ चा हंगाम समोर हवा, आणि तो तर खेळलाच गेला नाही. न झालेल्या हंगामाचं गुणपत्रक कुठून आणणार? म्हणून अशा वादात दोन्ही बाजूंनी आवाज थोडा खाली ठेवावा.

पण मग एवढा राग कशाचा होता? इथे एक घरचं उदाहरण घेऊ. वर्धा रोडवरून नागपूरला जाताना जामठ्याचं मैदान आपण कितीदा पाहतो. कर्नाटकचा करुण नायर २०२३ मध्ये विदर्भाकडे आला. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात त्याने जामठ्यावर केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावा केल्या आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. पुढे तो कर्नाटकात परतला. तो बाहेरचा, पण आपण त्याला आपला म्हटलं. का? कारण त्याच्या येण्याने आपल्या मनातल्या कुणाचं आसन हललं नव्हतं. म्हणजे राग अदलाबदलीचा नव्हताच. राग होता रोहितला बाजूला सारल्याचा.

आणि तो राग खोटा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. 'संघाचं भलं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मालकाच्या लेखी भलं म्हणजे सामने, चषक, पैसा. चाहत्याच्या लेखी भलं म्हणजे आपलेपणा, दहा वर्षं ज्या चेहऱ्याकडे बघून संघ ओळखला तो चेहरा. त्याला दुःख झालं तर ते दुःखच आहे. चूक होते ती पुढे. आपण त्या दुःखाला हिशेबाचे कपडे घालतो आणि म्हणतो, संघाचं नुकसान झालं. मग नुकसान करणारा कोणीतरी शोधावा लागतो.

तो सापडलाही. निर्णय व्यवस्थापनाचा, हुर्यो मात्र मैदानात उभ्या असलेल्या माणसाची. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर, मुंबईच्याच मैदानात, नाणेफेकीच्या वेळी हार्दिकविरुद्ध आरडाओरडा झाला. पुढे २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या, चेंडू हार्दिकच्या हातात, कर्णधार रोहित. भारत ७ धावांनी जिंकला. आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला होता का? तो तोच होता. आपण आपलं दुःख त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं, ते उचलून घेतलं, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी आवडता खेळाडू दुसरीकडे गेला, की वाद जरूर घाला, त्यात मजा आहे. फक्त आधी स्वतःला विचारा : आपण हिशेब मांडतोय की आपल्याला वाईट वाटलंय? वाईट वाटलं असेल तर मोकळेपणाने तसं म्हणा. त्यासाठी कुणाची हुर्यो उडवावी लागत नाही.

इथे थांबू. रोहितच्या बाजूच्यांनी आधी प्रश्न विचारावेत. आम्हीही त्याच बाजूचे आहोत.