शीळ, खरखर आणि फिल्टरचे नॉब

बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकरला ना. घ. देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, 1930च्या दशकात एचएमव्हीने तिची तबकडी काढली आणि मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आजही तिचं नाव पहिल्या काहींत येतं. गाणारे जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले. 1967चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम त्यांच्याच देखरेखीखाली झाला. नाघंना 1986 साली ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्या काळच्या लाखेच्या तबकड्या आज संगणकावर उतरवल्या जातात आणि मग त्यांची खरखर काढायला फिल्टरचा प्लग-इन उघडला जातो. पडद्यावर तीन-चारच नॉब असतात. पण जुन्या आवाजाचं काय राहणार आणि काय जाणार, हे त्यांवरच ठरतं, म्हणून ते समजून फिरवायला हवेत.

पहिला नॉब कटऑफचा. हाय-पास फिल्टर कटऑफच्या खालचं कापतो, लो-पास वरचं. यंत्राची घरघर साधारण 40-50 हर्ट्झच्या खाली असते. ती काढली तर गाण्याचं काही बिघडत नाही. अडचण वरच्या बाजूला आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकडीवर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्याचा अंश फारच थोडा, खरखर मात्र सगळीकडे पसरलेली. लो-पास सहा हजारांवर ठेवला तर बराच आराम पडतो. मोह होतो तो आणखी खाली आणण्याचा. तीन हजारांवर आणला की खरखर जवळजवळ संपते, पण श, स, च यांची धारही जाते, कारण या वर्णांची ताकद वरच्या कंप्रतांत असते. ‘शीळ’ या शब्दातला श बोथट झाल्यावर त्या गाण्यात उरलं काय? इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक ‘स्वच्छ’ प्रती मला याच कारणासाठी नकोशा वाटतात. गायक उशीत तोंड घालून गातोय, असं वाटत राहतं.

दुसरा नॉब उताराचा. फिल्टर कटऑफला भिंत घालत नाही. तिथे आवाज तीन डेसिबलने उतरलेला असतो आणि पुढे दर सप्तकाला 6, 12, 24 अशा डेसिबलने घसरत जातो. जुन्या गाण्याला 12चा सौम्य उतार सहसा मानवतो. स्टीफन बटरवर्थ यांनी कटऑफपर्यंत शक्य तितका सपाट राहणारा फिल्टर मांडला तो 1930 साली, म्हणजे जवळपास या तबकडीच्याच काळात. आजच्या प्लग-इनमध्ये त्यांचं नाव अजून दिसतं.

तिसरा क्यू, म्हणजेच रेझोनन्स. लो-पासवर तो वाढवला की कटऑफपाशी उंचवटा येतो. काही फिल्टर तर शेवटी स्वतःच शीळ घालू लागतात. सिंथेसायझरवाल्यांना तेच हवं असतं, आपल्याला 0.7च्या आसपास पुरे. एकाच कंप्रतेभोवतीचा पट्टा कापणाऱ्या नॉच फिल्टरमध्ये मात्र मोठा क्यू लागतो. आपली वीज 50 हर्ट्झची. तार नीट नसली की 50, 100, 150 वर हमिंग येतं. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम 104 हर्ट्झच्या जवळ पडतो. 100वरच्या नॉचचा क्यू 2 ठेवला तर 50 हर्ट्झ रुंदीचा पट्टा खचतो आणि पंचमही त्यात जातो. क्यू 30 केला की पट्टा जेमतेम तीन हर्ट्झचा होतो, पंचम वाचतो.

मिक्सचा नॉब या कामात पूर्ण ‘वेट’वरच, म्हणजे फक्त गाळलेल्या आवाजावर ठेवावा. मूळ आणि गाळलेला आवाज एकत्र केला की फेज जुळत नाही, नको तिथे खड्डे पडतात. आणि ओरखड्याचं टकटक फिल्टरने जात नाही. एकच आडवी चीर मिनिटाला 78 वेळा वाजते आणि प्रत्येक ठोका सगळ्या कंप्रतांत पसरतो. त्याला डी-क्लिकर लागतो, तोही फिल्टरच्या आधी.

माझ्या मते सर्वांत उपयोगी बटण काढून टाकलेला आवाजच ऐकवणारं. काही प्लग-इनमध्ये ते असतं. ते दाबल्यावर नुसती खरखर यावी. तिच्यात शब्द ओळखू आला, तर कटऑफ लगेच वर न्यावा. आणि 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवलेली पहिली प्रत कुठलाही फिल्टर न लावता वेगळी जपावी, नॉब कुठे ठेवले होते त्याची नोंद सोबत लिहून.