अर्धवट प्रशिक्षणाच्या पेशी

आपल्या चंडीगडच्या पीजीआयमध्ये पंजाब, हरियाणा आणि हिमाचलमधून ब्लड कॅन्सरचे रुग्ण येतात. या आजारात रक्तात नेमके काय बिघडते, हे कॅडेटला सहज समजेल.

हाडांमधील मज्जा ही रक्तपेशींची अकादमी आहे. तिथे कच्च्या पेशी तयार होतात, पक्व होतात आणि मगच रक्तात कामाला लागतात. तीव्र ल्युकेमियात काही पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात. त्या जंतूंशी नीट लढत नाहीत, फक्त संख्येने वाढतात आणि चांगल्या पेशींची जागा अडवतात. केमोथेरपी त्यांना मारते, पण त्या माऱ्यात चांगल्या पेशीही सापडतात. मग त्यांना मारण्याऐवजी त्यांचे प्रशिक्षण पूर्ण करता येईल का?

नायट्रिक ऑक्साईड हा वायू आपल्या रक्तवाहिन्या स्वतः बनवतात. त्याने त्या सैल होतात. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. डायनामाईटमधले नायट्रोग्लिसरीन हृदयरोगावर चालते, तेही याच वायूमुळे. १९९२ मध्ये अमेरिकेत ब्रिस वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील एचएल-६० या ल्युकेमिया पेशींवर त्याचा प्रयोग केला. पेशींची वाढ मंदावली आणि त्या मोनोसाइट या पक्व पेशींसारख्या होऊ लागल्या.

असे का झाले? जनुक म्हणजे लेखी आदेश. त्याची आरएनए प्रत निघाली, तरच पेशी तो पाळते. पेशीला विभागत ठेवणाऱ्या सी-मिक आणि सी-मिब या जनुकांच्या प्रती कमी झाल्या. पक्व पेशी धोक्याचा इशारा देण्यासाठी जे टीएनएफ-अल्फा बनवतात, त्याच्या प्रती वाढल्या. आदेशांचे पुस्तक तेच राहिले, पाने वेगळी वाचली गेली.

काचेच्या बशीतले यश म्हणजे औषध नव्हे. हा वायू शरीरात काही सेकंदच टिकतो आणि जास्त झाल्यास चांगल्या पेशींनाही इजा करतो. पण पेशी पक्व करण्याची कल्पना खरी ठरली. १९८० च्या दशकात शांघायच्या वांग झेनयी यांनी 'अ' जीवनसत्त्वापासून मिळणाऱ्या रेटिनॉइक आम्लाने प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे रुग्ण बरे करून दाखवले. आज त्याच्या जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साईड देतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

मात्र या प्रकारात सुरुवातीच्या दिवसांतच रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. म्हणून न उतरणारा ताप, हिरड्यांतून रक्त किंवा मार न लागता उठणारे काळे-निळे डाग दिसले, तर 'थकवा असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी एमआय रूममध्ये किंवा डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या.