ती परत का जाते?

मनगटाला प्लास्टर घालून घेताना एखादी स्त्री "न्हाणीघरात पाय घसरला" असे सांगते. दंडावरील बोटांचे वळ मात्र जुने असतात. शेजारी उभा असलेला पती औषधे आणावयास धावतो, तिला चहा पाजतो. हे दृश्य कोणत्याही रुग्णालयास अपरिचित नाही. तीच स्त्री पुढे माहेरी जाते आणि पंधरवड्यात आपण होऊन परतते, तेव्हा आईवडील, भाऊ दुखावतात. "तिलाच मार गोड लागतो" इथपर्यंत बोलले जाते. हा समज चुकीचा आहेच, शिवाय घातकही आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन व सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये या ओढीची उपपत्ती मांडली. सर्व सत्ता एकाच्या हाती असावी आणि त्याच हातून कधी मार, कधी माया मिळावी, एवढ्याने बंध घट्ट होतो. अखंड छळच झाला असता तर मन कदाचित विटले असते. परंतु मारहाणीनंतर तो रडतो, शपथा घेतो, गजरा आणतो. वेदना देणाराच ती शमवितो. मग तो प्रेमळ माणूस खरा आणि मार हा अपवाद वाटू लागतो. "ते मनाने वाईट नाहीत, दारूमुळे होते" असे ती म्हणते, ते लबाडीने नव्हे. त्याच घरात रात्र काढावयाची तर भीती दडपावीच लागते.

याच संशोधकांनी १९९३ मध्ये, नुकत्याच विभक्त झालेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतरही त्यांची ओढ सुमारे २७ टक्केच घटली होती. माहेरचे पंधरा दिवस कितीसे पुरणार! त्यात आपल्याकडे मुलांची शाळा, हाती नसलेला पैसा आणि चार लोकांचे बोलणे.

रुग्णालयात येण्यास मात्र तिला कोणाची आडकाठी सहसा नसते. याच विचाराने या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' समुपदेशन केंद्र उभे राहिले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा घर सोडणे हा एकच मार्ग उरलेला नाही.

नातलगांनी "सोडत का नाहीस?" असे विचारू नये. पती जवळ नसताना "आज रात्री तिथे झोपावयास भीती वाटते का?" एवढेच विचारावे. ती पुन्हा गेली तरी दूरध्वनी चालू ठेवावा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिला तोंडपाठ असू द्यावा. आणि तिचा गळा दाबला गेला असल्यास, खूण दिसो वा न दिसो, त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे आणावे.