रोजच्या वापराला गाडी कोणती : चपळ की बलदंड?

मागच्या हंगामातली गोष्ट आहे. तासगावच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे आटोपले होते आणि एका आडत दुकानात आम्ही चहाला थांबलो होतो. दुकान दोन भावांचे. वडील गादीवर बसून नमुन्याच्या बेदाण्यातल्या काड्या वेचत होते. धाकट्याने एका मोठ्या, दणकट गाडीच्या किमतीचा कागद थोरल्यापुढे ठेवला. थोरल्याने तो वाचला आणि परत केला. त्याच्या मनात लहानच गाडी होती. मात्र रात्री सावळजहून परतताना दमदार वाटेल अशी.

"भाईजान, व्यापारी माणूस गाडीवरनं ओळखला जातो," धाकटा म्हणाला.

"आपल्याला लोक चेकवरनं ओळखतात. तो वटला पाहिजे," थोरला म्हणाला.

वडिलांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारला, "पैसा कुठला घालणार?"

हा वाद एका दुकानापुरता नाही. द्राक्ष आणि बेदाण्याने तासगाव तालुक्याला पैसा दाखवला, आणि पैसा आला की दारात गाडी येते. सबब या आठवड्यात आम्ही या पानावर गाडीचाच हिशेब मांडत आहोत.

दोन जातींची गाडी

मोटारींच्या जगात हा वाद पन्नास वर्षांचा आहे. अमेरिकेत 1964 च्या सुमारास 'मसल कार' नावाची जात पुढे आली. पाँटियाक जीटीओ आणि फोर्ड मस्टँग या त्याच वर्षीच्या. कल्पना सोपी होती : मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचे अवजड इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखे पळायचे. पेट्रोल स्वस्त होते तोवर कोणी हिशेब विचारला नाही. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे कडक झाले आणि 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर तर पंपांवर रांगा लागल्या. गाड्या वाईट नव्हत्या, पण त्यांना रोज पोसणे परवडेना.

युरोपने दुसरी वाट धरली. जर्मनीच्या फोक्सवॅगनने 1976 मध्ये गोल्फ जीटीआय बाजारात आणली. चार माणसे आणि बाजाराच्या पिशव्या नेणारी ती साधी कुटुंबाची गाडी होती. वजन जेमतेम 810 किलो, इंजिन 1.6 लिटरचे, ताकद 110 अश्वशक्ती. हलक्या गाडीला थोडी जास्त ताकद दिली की ती भारी गाडीला मागे टाकते, हे त्या गाडीने दाखवून दिले. पुढे या जातीला 'हॉट हॅचबॅक' हे नाव पडले.

खरी मसल कार आपल्या देशात फारशी आलीच नाही. फोर्डने 2016 मध्ये मस्टँग आणली तेव्हा दिल्लीत तिची शोरूम किंमत 65 लाख रुपये होती. 2021 मध्ये फोर्डने भारतातले मोटार उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. खरी गोल्फ जीटीआय 2025 मध्ये आली, पण आयात होऊन आणि पन्नास लाखांच्या पुढे. या दोन्ही गाड्या आमच्या वाचकांच्या हिशेबात बसणाऱ्या नाहीत.

मात्र त्या दोन्ही वृत्ती तासगावच्या रस्त्यावर रोज दिसतात. मसल कारची हौस आपल्याकडे थार, स्कॉर्पिओ-एन यांसारख्या उंच, बलदंड गाड्यांनी भागवली जाते. चपळ लहान गाडीची जागा ह्युंदाईची आय-20 एन लाइन किंवा टाटाची अल्ट्रोझ रेसर अशा टर्बो इंजिनाच्या गाड्यांनी घेतली. एन लाइन 2021 मध्ये आली, रेसर 2024 मध्ये. दोघींचेही इंजिन 120 अश्वशक्तीचे आणि 1,200 सीसीच्या आतले. तेव्हा आपला खरा प्रश्न असा : रोजच्या धंद्याला लहान पण चपळ गाडी घ्यावी, की मोठी आणि बलदंड?

आधी रस्ता पाहा

बेदाणा व्यापाऱ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी घर ते यार्ड. मग शेतकऱ्याच्या शेडवर माल पाहायला सावळज, मणेराजुरी किंवा आणखी पुढे. दुपारी शीतगृहात. आठवड्यातून दोनतीनदा कवठे एकंदवरून सांगलीला. हे अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. गाडीत माणसे एक किंवा दोन, मागे नमुन्यांच्या पिशव्या. माल गाडीत जात नाही, तो टेम्पोने जातो.

या रस्त्यावर हिवाळाभर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेल याची खात्री नाही. अशी रांग ओलांडताना ताशी चाळीसवरून ऐंशीपर्यंत गाडी किती झटकन जाते, यावर जीव अवलंबून असतो. ताकदीचा खरा उपयोग इथे आहे, एकशे ऐंशीच्या वेगात नाही. हलकी टर्बो गाडी हे काम उत्तम करते. मोठ्या गाडीचे डिझेल इंजिनही ते करते, पण तिला दीडदोन टनांचे वजन ओढायचे असते आणि ब्रेक मारताना तेवढेच वजन थांबवायचेही असते.

गावात आलो की मापे मोजावी लागतात. स्कॉर्पिओ-एनची लांबी 4,662 मिलिमीटर, रुंदी 1,917. आय-20 ची लांबी 3,995, रुंदी 1,775. म्हणजे लांबीत सव्वादोन फुटांच्या आसपास आणि रुंदीत साडेपाच इंचांचा फरक. गणपती मंदिराच्या बाजूच्या जुन्या पेठेत समोरून टेम्पो आला की हे साडेपाच इंच फार वाटतात.

मोठ्या गाडीची बाजूही सांगितली पाहिजे. मळ्यातली वाट, पावसानंतरचा काळ्या रानाचा चिखल, शेडपर्यंतचा खडीचा चढ, इथे लहान गाडीचे पोट घासते आणि तिचे पातळ कडेचे टायर खड्ड्यात फुटतात. चारही चाके ओढणाऱ्या थारखाली 226 मिलिमीटर मोकळी जागा आहे. ज्याचा रोजचा रस्ताच मळ्यातून जातो, त्याने ती घेतली तर तो रुबाब नव्हे, गरज आहे. सात माणसांचे कुटुंब असेल तरी लहान गाडीचा आग्रह आम्ही धरणार नाही. सुरक्षिततेचे मात्र केवळ आकारावरून ठरवू नये. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले, तसे 2020 मध्ये लहान अल्ट्रोझलाही मिळाले होते.

आता हिशेब

महिन्याला 1,500 किलोमीटर धावणे धरू. पेट्रोलचा भाव लिटरला 105 रुपये धरू. चपळ लहान गाडी लिटरला 16 किलोमीटर चालली तर महिन्याला सुमारे 94 लिटर, म्हणजे 9,850 रुपयांच्या घरात. मोठ्या पेट्रोल गाडीने 10 किलोमीटर दिले तर 150 लिटर, म्हणजे 15,750 रुपये. फरक महिन्याला 5,900 आणि वर्षाला 70,000 च्या पुढे. पाच वर्षांत साडेतीन लाख रुपये नुसते धुरात गेले. डिझेल घेतले तर हा फरक कमी होतो, पण महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रस्ताकर पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त बसतो, हे लक्षात ठेवावे.

करातही इंजिनाचा आकार बोलतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांब आणि 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1,500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर 18 टक्के, त्यापेक्षा मोठ्या गाडीवर 40 टक्के. गंमत अशी की थार दोन्हीकडे आहे. दोन लिटर पेट्रोलची थार 40 टक्क्यांत जाते, तर 2023 मध्ये आलेली दीड लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार 18 टक्क्यांत बसते. ज्याला उंच गाडीच हवी आहे, पण चिखलात जायचे नाही, त्याने ही बाब विक्रेत्याला जरूर विचारावी. विम्याचेही तसेच. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार तिसऱ्या पक्षाच्या विम्याला 1,000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला 2,094 रुपये, तर 1,500 सीसीवरील मोटारीस 7,897 रुपये.

आता व्यापाऱ्यांचा एक आवडता गैरसमज. 'दुकानाच्या नावावर घेऊ, जीएसटी परत मिळेल,' असे बरेचजण म्हणतात. तो मिळत नाही. चालकासह तेरा जणांपर्यंत बसण्याच्या मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट कायद्याने बंद आहे. अपवाद गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा मोटार शिकवणे हाच धंदा असलेल्यांचा. मालवाहू पिकअपची गोष्ट वेगळी. ज्यांची विक्री जीएसटीखाली येते, त्यांना मालवाहू वाहनावरच्या कराची वजावट घेता येते. तेव्हा ज्याला ताकद माल ओढण्यासाठीच हवी आहे, त्याने मोठ्या मोटारीऐवजी पिकअपचा विचार करावा. आयकरात धंद्याच्या मोटारीवर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, पण घरगुती वापराचा भाग त्यातून वगळावा लागतो.

पैसा कुठला?

वडिलांचा प्रश्न इथे येतो. आमच्या वाचकांपैकी बरेचजण व्याजाचे कर्ज काढत नाहीत. त्यांना गाडीची पूर्ण किंमत एकरकमी द्यावी लागते, म्हणजे ती रक्कम धंद्याच्या भांडवलातूनच निघते. (एकरकमी म्हणजे नोटांनी नव्हे. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास मनाई आहे. पैसे बँकेमार्फतच द्यावेत.)

चपळ लहान गाडी सर्व खर्चासह 11 लाखांना आणि बलदंड गाडी 22 लाखांना पडते असे धरू. मधले 11 लाख म्हणजे किती? बेदाण्याचा भाव किलोला 200 रुपये धरला तर साडेपाच टन माल. 15 किलोच्या साडेतीनशेहून जास्त पेट्या. हंगामात याच पैशावर शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकती होते. पट्टी वेळेवर मिळाली तर तो शेतकरी पुढच्या वर्षी आपल्याच दुकानात माल उतरवतो. पट्टी थकली तर शेतकरी दारात येतो आणि आधी दारातल्या गाडीकडे पाहतो. त्या वेळी ती गाडी आपला रुबाब वाढवत नाही, पत घालवते.

कर्जाने घेणाऱ्यालाही हा हिशेब चुकत नाही. हप्ता बारा महिने येतो, सौद्याची कमाई मात्र हंगामातच होते.

घेण्यापूर्वी

आमचा सल्ला साधा आहे. गाडी पाहायला जाण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. रोज कुठे गेलो, किती किलोमीटर, गाडीत माणसे किती, रस्ता डांबरी की मातीचा, एवढेच लिहा. महिन्याअखेर वहीच सांगेल. निम्म्याहून जास्त फेऱ्या मळ्यातल्या असतील किंवा पाचाहून जास्त माणसे नेहमी असतील, तर उंच, मोठी गाडी घ्या. फेऱ्या डांबरी रस्त्याच्या आणि माणसे दोनच असतील, तर लहान गाडी घ्या. रात्रीचा प्रवास जास्त असेल तर टर्बोचे चार पैसे जास्त द्या. वर्षातून दोनदा येणाऱ्या लग्नकार्यासाठी मोठी गाडी भाड्याने मिळते.

टर्बो गाडी घेणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच बदलावे. लांबून दामटून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडे चालू ठेवावे. आणि चाचणीची फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या रोजच्या रस्त्यावर, घरातली सगळी माणसे बसवून घ्यावी.

त्या दोन भावांनी वही ठेवली. महिन्याभरात गाडीत पाचाहून जास्त माणसे बसली ती एकदाच, मिरजेच्या एका लग्नाला जाताना. हंगाम संपेपर्यंत त्यांनी कोणतीच गाडी घेतली नाही. आधी सगळ्या पट्ट्या चुकत्या केल्या. मग चपळ लहान गाडी आली. परवा यार्डात धाकटा भेटला. आम्ही विचारले, "मोठी गाडी राहिली का?" तो हसून म्हणाला, "राहिली. पण यंदा माल दुप्पट उतरलाय."