शब्द तेच, सूर वेगळा
‘तू जेवलास.’ आणि ‘तू जेवलास?’ यांत शब्द तेच; अर्थ पालटतो तो शेवटी चढणाऱ्या सुराने. अनेक स्वमग्न मुलांना नेमका हा सूर साधत नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन केले. त्यांतील बोलणारी मुले ऐकलेले वाक्य मूळ सुरासकट उच्चारतात, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे दूध हवे असलेले मूल आईच्याच प्रश्नार्थक स्वरात ‘तुला दूध हवे का?’ म्हणते, ती त्याची मागणी असते. काहींचे बोलणे सपाट, काहींचे हेल काढल्यासारखे. वर्गात मात्र हाच सूर उद्धटपणा ठरू शकतो आणि मूल विनाकारण बोलणी खाते. श्रवणतपासणी व वाचा-उपचार हवेतच. तोवर मुलाचे म्हणणे सुरावरून नव्हे, प्रसंगावरून ओळखावे.